दोन नावांचा नंबर

१

आमच्या बेटावर गाडीच्या पाटीवर अक्षरं नसतात, नुसते आकडे असतात. समोरून गाडी आली की आधी आकडा वाचायचा, मग माणूस. खरं तर माणूस वाचायची वेळच येत नाही. गर्न्सीचे रस्ते इतके अरुंद आहेत, की आकडा वाचून होईपर्यंत गाडी शेजारून निघून गेलेली असते.

आणि आकडा ओळखीचा असेल तर हात करायचा. गाडीत एकटा माणूस असेल तर स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचं. शेजारी कोणी बसलं असेल तर पूर्ण पंजा. हे कोणी शिकवत नाही. मांजराला दूध चाटायला शिकवत नाहीत, तसंच. आकडा जितका लहान, तितकं घराणं जुनं; पाच आकडेवाल्यांना मात्र कोणी काहीच उचलत नाही. ते बाहेरून आलेले, किंवा नशिबानं मागे राहिलेले.

आमचा नंबर तीनशे आठ.

१९२६ साली माझ्या आजोबांच्या आजोबांनी टोमॅटो बंदरावर न्यायच्या लॉरीसाठी तो घेतला. लॉरीनंतर व्हॅन आली, व्हॅननंतर मोटार, आणि नंबर एका गाडीवरून दुसऱ्या गाडीवर चढत राहिला. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंड-फ्रान्सच्या मधलं आमचं बेट जर्मनांच्या ताब्यात होतं; त्यांचे सैनिक व्हॅन न्यायला आले, तेव्हा तिला पाटीच नव्हती. पणजोबांनी ती काढून काचघरातल्या टोमॅटोच्या वाफ्यात पुरली होती. व्हॅन गेली ती गेलीच. पाटी पाच वर्षांनी माती झटकून वर आली. ही गोष्ट मी शाळेत इतक्या वेळा सांगितली आहे, की बाईंनी एकदा मला ती सांगायला बंदी केली होती.

माझं नाव जोस्लिन केरिपेल. वय चोवीस. विद्यापीठात शिकून परत आले, टाऊनमध्ये, म्हणजे बंदराच्या गावात, एका वित्तसंस्थेत नोकरी करते. आईबाबा न्यूझीलंडला असतात, म्हणून मी सिरिल आजोबांकडे राहायचे. ते एप्रिलमध्ये गेले आणि अंत्ययात्रेनंतरच्या चहाला, अजून कोटही काढले नव्हते, तेवढ्यात त्यांच्या थोरल्या मुलानं, क्लाइव्हकाकानं, विषय काढला.

"नंबर थोरल्या मुलाकडे जातो," गॉशच्या तुकड्याला लोणी लावत तो म्हणाला. गॉश म्हणजे आमचा मनुका घातलेला पाव. माणूस मेला की तो हवाच.

"कुठं लिहिलंय?"

"लिहायला कशाला हवं? सगळ्यांना माहीत आहे."

"सगळ्यांना माहीत असतात त्यातल्या निम्म्या गोष्टी चूक असतात, काका."

"विद्यापीठात हेच शिकवतात वाटतं."

"नाही. तिथं कागद वाचायला शिकवतात." आणि मी कागद त्याच्या बशीशेजारी ठेवला.

हिवाळ्यातच आजोबा आणि मी नोंदणीच्या काउंटरवर गेलो होतो. तीनशे आठवर त्यांच्या नावाखाली माझं नाव चढवलं होतं. दोन नावं, एक नंबर. मी नवी गाडी घेणार होते, तिच्यावर नंबर न्यायच्या अर्जावरही त्यांनी मार्चमध्येच सही करून ठेवली होती. काकाला त्यावर काही करता येत नव्हतं. त्यानं कागद दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि तिसऱ्यांदा वाचला.

"नातवाला दिला असता तर एक वेळ समजलो असतो," तो म्हणाला.

"नातू आहे कुठं? मी आहे."

एक गोष्ट मात्र मी चहाच्या टेबलावर बोलले नाही. माणूस गेला की मृत्यूचा दाखला काउंटरवर नेऊन त्याचं नाव काढून घ्यायचं असतं. पण नाव काढायचा अर्ज केला, की जवळच्या नातलगांना अठ्ठावीस दिवस हरकत घेता येते. म्हणजे क्लाइव्हकाकाला. दोन्ही नावं तशीच राहिली, तर कोणाला काही विचारायचा प्रश्नच नव्हता. मी दाखला घडी घालून ठेवून दिला. आजोबांचं नाव वर, माझं खाली. मला वाटलं, बघायलाही ते बरं दिसतं.

२

पाट्या मी स्वतः काढल्या. डेनिस फालाच्या गॅरेजमध्ये आजोबांची जुनी करडी मोटार उभी होती. तो स्क्रू-ड्रायव्हर घेऊन पुढे आला, तेव्हा मी हात पुढे करून तो मागून घेतला.

"सिरिल असता तर त्यानं मलाच काढायला लावलं असतं," डेनिस म्हणाला.

"म्हणूनच त्यांचे सगळे स्क्रू झिजलेत."

तो हसला. पाटी निघाली. तिच्याखालचा रंग नव्यासारखा होता, बाजूचा सगळा उन्हानं आणि मिठानं पांढुरका पडलेला. नियमाप्रमाणे मोटारीला पाच आकड्यांची पाटी बसली. दुसऱ्या दिवशी ती मोडीत जाणार होती.

डेनिस दोन पावलं मागे सरून तिच्याकडे बघत राहिला. "पेन्शनीत गेलेल्या हेडमास्तरसारखी दिसायला लागली की गं एका मिनिटात."

माझी नवी गाडी विजेवर चालणारी, निळी, आवाज न करणारी. तिच्यावर तीनशे आठ बसला आणि ती एकदम कोणीतरी झाली. मी पुन्हा पुन्हा तिच्याभोवती फिरले. शंभर वर्षांत या आकड्यामागे पहिल्यांदा बाई बसणार होती, आणि ती बाई मी होते. एवढं मनात येऊन चालवत सुटले ते सरळ वाझॉनच्या किनाऱ्यावर. दुपारचे साडेतीन झाले असतील. भरती होती आणि लाटा भिंतीवरून रस्त्यावर उडत होत्या.

पहिला भेटला पेरेलचा खेकडेवाला टोस्टेव्हिन. त्याची व्हॅन समोरून आली, त्याचा हात उचलला गेला. मग दूधवाल्याचा. मग चर्चच्या ऑर्गनवाल्या बाईंचा. मी प्रत्येकाला एक बोट उचलत होते आणि गाल दुखेपर्यंत हसत होते. घरापर्यंत पोहोचले तेव्हा अकरा जणांनी हात केला होता.

गाडी बंद केली, आणि मग लक्षात आलं. अकराही जणांनी पूर्ण पंजा केला होता.

३

याला कारण होतं, आणि ते मला लगेच सापडलंही. इतकी वर्षं लोकांनी तीनशे आठमध्ये आम्हा दोघांना पाहिलेलं. आजोबा चालवायचे, मी शेजारी. आकडा दिसला की पंजा, ही त्यांच्या मनगटाची सवय. मनगटाला कोणी निधनाची बातमी कळवत नाही.

मग गाडी टिंगटिंगायला लागली.

नव्या गाड्यांत हे असतं. शेजारच्या सीटवर माणूस बसला आणि त्यानं पट्टा लावला नाही, की घंटी वाजते. माझ्या शेजारी माझी ऑफिसची पिशवीही नव्हती. घंटी वाजतच राहिली, टिंग, टिंग, टिंग, सगळा रस्ताभर. मी फोनवर डेनिसला तो आवाज ऐकवला.

"सीटखालची तार असेल," तो म्हणाला. "घेऊन ये, बघतो. तोवर पट्टा नुसता अडकवून ठेव."

मी हात लांबवून पट्टा ओढला आणि अडकवला. घंटी थांबली. मोकळ्या सीटवरून आडवा ताणलेला पट्टा विचित्र दिसत होता. तो सीटच्या पाठीला चिकटायला हवा होता. तो पाठीपासून वीतभर पुढे, फुगीर उभा होता.

डेनिसनं सीट उलटी करून पाहिली. तारेत काही नव्हतं.

रविवारी मी हिल्डाआजीकडे गेले. ती आजोबांची बहीण, अठ्ठ्याऐंशी वर्षांची. रस्त्याकडेच्या खिडकीत दिवसभर बसून असते आणि कोणता आकडा किती वाजता गेला हे सांगते. तिच्यापाशी मला धीर धरवत नाही. एकच गोष्ट तीनदा सांगते, आणि तिसऱ्यांदा सांगताना मध्येच झोपते.

"भांडलात का तुम्ही दोघं?" तिनं विचारलं.

"कोण दोघं, आजी?"

"रोज बघते मी. तो चालवत असतो आणि तू नुसती बसून असतेस, तोंड मिटून. पूर्वी किती बडबडायचीस त्याच्याशी."

"आजी, आजोबा गेले. एप्रिलमध्ये. तू चर्चमध्ये पहिल्या बाकावर होतीस."

"मला माहीत आहे तो गेला," ती रागावून म्हणाली. "मी काय खुळी आहे? मी विचारतेय, तू बोलत का नाहीस त्याच्याशी."

म्हातारपण. मी ठरवून टाकलं. पण परत येताना चौकात क्लाइव्हकाका समोरून आला. आमच्याकडे चौकात आळीपाळीनं एकेका बाजूची एकेक गाडी सोडतात, त्यामुळे समोरच्याचा चेहरा नीट दिसतो. काका दुखवट्यानं हळवा होणारा माणूस नव्हे, आणि माझ्यावर तर तो धुमसत होता. त्यानं हात उचलला. पाचही बोटं.

मी घरी जाऊन फोन केला.

"काका, मघाशी तू हात केलास."

"मग? भांडण तुझ्याशी आहे, नंबराशी नाही."

"पूर्ण पंजा केलास."

मागे त्याच्या स्वयंपाकघरात नळ गळत होता, तो ऐकू येत होता.

"सवय," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

४

मी शिकलेली मुलगी आहे. शंका आली की पडताळून बघायची, हे मला येतं.

डेनिसकडून मी दिवसभरासाठी त्याची पाच आकड्यांची गाडी मागून घेतली. त्याच रस्त्यानं, त्याच वेळेला, त्याच लोकांसमोरून गेले. कोणी बोटही उचललं नाही. ऑर्गनवाल्या बाई माझ्या काचेतून आरपार बघत निघून गेल्या. आत मी होते, मी हसलेही. पाच आकड्यांत मी कोणीच नव्हते, हे तर अपेक्षितच होतं. चीड आली ती आलीच.

दुसऱ्या दिवशी तीनशे आठ घेऊन निघाले. पंजा, पंजा, पंजा. पेरेलच्या धक्क्यावर टोस्टेव्हिन सापळे रचत होता. मी गाडी त्याच्याजवळ थांबवली आणि काच खाली केली.

"टोस्टेव्हिनकाका, एक सांगा. आत्ता मी येताना तुम्ही हात केलात. गाडीत किती जण दिसले?"

त्यानं सापळा खाली ठेवला. मोठा, लाल चेहऱ्याचा माणूस, कधी कोणाला उत्तर द्यायला न अडखळणारा.

"हे काय विचारणं झालं?"

"किती?"

"हे बघ पोरी, सिरिलची पेटी उचलणाऱ्या सहा जणांत मी होतो. उजवा खांदा महिनाभर दुखत होता. तो गेलाय हे मला कोणी सांगायला नको."

"मी तेच म्हणतेय. मग पंजा का?"

तो आपल्या हाताकडे बघत राहिला. जणू त्याला विचारायचं होतं. "मी नाही करत गं," तो हळू म्हणाला. "तो होतो." मग त्याची नजर माझ्या शेजारच्या सीटवर गेली, पट्ट्यावर गेली, आणि तो झटकन सापळ्यांकडे वळला. "सीट जरा मागे घे हवं तर. त्याला पाय लांब करायला लागायचे."

मी काच वर केली. त्या सीटला मी गाडी घेतल्यापासून हात लावला नव्हता. पण ती मागे सरकलेली होती. शेवटच्या खाचेपर्यंत.

आता इथं कोणीही विचारेल, की मग काउंटरवर जाऊन आजोबांचं नाव का काढून घेतलं नाहीस? मीही स्वतःला विचारलं. अर्ज केला की अठ्ठावीस दिवस. क्लाइव्हकाका पहिल्याच दिवशी हरकत घेणार. 'नंबर थोरल्या मुलाकडे जातो' म्हणणारे वीस म्हातारे त्याच्या बाजूनं सही करणार, आणि मी पुन्हा पाच आकड्यांत जाणार. कशासाठी? लोकांच्या बोटांसाठी? एका बिघडलेल्या घंटीसाठी?

नाही. नंबर माझा होता. शेजारी कोणी बसलं होतं तर बसू दे. गाडी मी चालवत होते.

५

जूनच्या पहिल्या आठवड्यात, कासेलच्या मागच्या गल्लीत, माझ्यासमोर एक व्हॅन आली.

त्या गल्ल्यांत एकच गाडी मावते. दोन्ही बाजूंना झुडपांनी झाकलेले मातीचे बांध. समोरासमोर आलं की ज्याच्या मागे रुंद जागा जवळ असेल त्यानं रिव्हर्स घ्यायचा. माझ्या मागे फाटक होतं, वीस पावलांवर. व्हॅनच्या मागे काही नव्हतं. मी रिव्हर्स घ्यायला हवा होता, आणि मी नेहमी घेते. सिरिल आजोबा मात्र आयुष्यात कधी मागे गेले नव्हते. तीनशे आठ पुढे जातो, म्हणायचे. आम्हा पोरांना त्याची लाज वाटायची आणि गुपचूप अभिमानही.

मी रिव्हर्सचा खटका दाबायला गेले. हात स्टिअरिंगवरून हललाच नाही. जोर लावला असंही नाही; मनात आलं आणि तिथंच विरलं. झुडपांत मधमाश्या घोंघावत होत्या. मी समोर बघत बसले. मला बरं वाटायला लागलं. पाठ ताठ झाली. अख्खं कुळ माझ्या पाठीशी उभं असल्यासारखं वाटलं, एकामागे एक, बंदरापर्यंत रांग.

व्हॅनवाला कंटाळून मागे गेला. दोनशे पावलं, वळणापर्यंत. मी शेजारून पुढे गेले तेव्हा त्यानं हात उचलला.

एक बोट.

मी त्याच दिवशी मोजलं. चौदा जणांनी हात केला, चौदाही जणांनी एकेक बोट. शेजारचा पट्टा काढून बघितला. तो सुळकन आत गेला आणि घंटी वाजली नाही. सीट रिकामी होती. रिकामी दिसत होती आणि रिकामी वाटतही होती. मी टाऊनमधून केक आणला आणि एकटीनं अर्धा खाल्ला. माझं म्हणणं खरं ठरलं होतं. लोकांना वेळ लागतो, बस. शेवटी त्यांना तीनशे आठमध्ये एक माणूस दिसायला लागला होता.

पुढचा दीड आठवडा मी मिरवत फिरले. कामाशिवाय गाडी काढायचे. थोडं अंग जड वाटायचं, संध्याकाळी कुठून कुठून गेले ते नीट आठवायचं नाही. उन्हामुळे, असं धरून चालले.

रविवारी हिल्डाआजीकडे तसाच आणखी एक केक घेऊन गेले.

"मंगळवारी गेला इथून," ती म्हणाली. "दहाच्या सुमारास, टाऊनच्या बाजूला. एकटाच. तू कुठं होतीस?"

"मीच होते, आजी. मीच चालवत होते."

"एकटाच होता तो."

"मी तुझ्या खिडकीसमोर थांबले होते. काच खाली करून हात केला. तू बघत होतीस माझ्याकडे."

"तो थांबला," आजी समजूत काढल्यासारखी म्हणाली. "काच खाली केली. मला म्हणाला, 'हिल्डा, ऊन फार आहे, पडदा ओढून घे.' मग मी ओढून घेतला."

मी काय बोलले होते? मंगळवारी त्या खिडकीसमोर मी नक्की काहीतरी बोलले होते. ते आठवायचा मी फार प्रयत्न केला. मला आठवला तो फक्त पडदा, उजवीकडून डावीकडे सरकत गेलेला.

६

सोमवारी सकाळी मी क्लाइव्हकाकाच्या दारात उभी राहिले. तो अंगणात बटाटे खणत होता.

"आजोबांचं नाव काढायचंय नंबरवरून," मी म्हणाले.

त्यानं कुदळ मातीत रोवली. "म्हणजे मला हरकत घेता येईल."

"हो."

"कागद वाचायला शिकलीस ना तू? मग हे कळत असेल."

"कळतं. घे हरकत. पण त्यांचं नाव निघू दे."

मला वाटलं होतं तो हसेल. त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग फाटकाबाहेरच्या निळ्या गाडीकडे. "गेल्या आठवड्यात तुला हात केला मी, चौकात," तो म्हणाला. "एक बोट. घरी आलो आणि जेवण गेलं नाही." त्यानं हात पाटलोणीला पुसले. "चल. मी तिथंच लिहून देतो, माझी हरकत नाही म्हणून. नंबर ठेव तू. लायकी आहे तुझी. बाबांपेक्षा वाईट नाही चालवत."

क्लाइव्हकाकाकडून हे ऐकायला मी चोवीस वर्षं थांबले होते. चेहऱ्यावर काही दिसू नये म्हणून मी घाईनं गाडीत जाऊन बसले. काकानं पुढचं दार उघडलं. मोकळ्या सीटकडे पाहिलं. ते लावून घेतलं आणि मागे जाऊन बसला. मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

रस्त्यात तिघांनी पंजा केला. आम्ही दोघं होतो, पंजा बरोबर होता. कोणते दोघं, ते मी मोजत बसले नाही.

काउंटरवर ओझानबाई होत्या. त्यांनी कॉम्प्युटरमध्ये आकडा टाकला.

"कोणतं नाव काढायचं?"

"सिरिल केरिपेल."

"मग नंबर कोणाच्या नावावर राहील?"

"माझ्या. जोस्लिन केरिपेल. दुसरं नाव माझं आहे."

"दुसरं नाव नाही इथं," त्या म्हणाल्या. "एकच आहे. सिरिल." त्यांनी पडदा माझ्याकडे फिरवला. मग खणातून एक अर्ज काढला. "हा बघा. 'दुसऱ्या नावाची धारक स्वेच्छेनं नाव मागे घेत आहे.' गेल्या मंगळवारी, दहा चाळीसला. मी रजेवर होते, नाहीतर मी विचारलं असतं. आपलीच सही ना?"

माझीच होती. आडनावाच्या पहिल्या अक्षराची शेपटी मी जरा जास्त लांब ओढते, शाळेपासूनची खोड. ती शेपटी तशीच होती.

"का केलंस असं?" काकानं विचारलं. आवाजात राग नव्हता.

"मी नाही केलं." पण सही बघताना माझी बोटं आपोआप दुमडली होती, पेन धरल्यासारखी.

"हे पाहा बाई," काका काउंटरवर वाकला. "ज्याच्या नावावर आहे तो माणूस एप्रिलमध्ये वारलाय. मी त्याचा मुलगा. मी सांगतो, नंबर हिच्या नावावर करा."

"दाखला दाखवा, मी लगेच प्रकरण उघडते," ओझानबाई म्हणाल्या. चांगल्या बाई होत्या. "दाखल्याशिवाय माझ्या दृष्टीनं ते हयात आहेत."

दाखला गाडीच्या खणात राहिला होता. आम्ही दोघं बाहेर आलो. बाहेर लख्ख ऊन होतं, अकरा वाजले होते, आवारात माणसं ये-जा करत होती. किल्ली माझ्या मुठीत होती.

निळी गाडी आपल्या जागेवरून बाहेर निघत होती.

तिचा आवाज होतच नाही. ती सावकाश वळली आणि फाटकाशी थांबली, कारण रस्त्यावरून एक गाडी येत होती. उजवीकडची काच निम्मी खाली होती. आत काय होतं ते मी सांगणार नाही, कारण मी पाहिलंच नाही. मी हात पाहिला. स्टिअरिंगवर रुंद, जुना हात. नखांच्या कडांना हिरवट काळे डाग होते. टोमॅटोच्या पानांचे डाग तसे असतात. आमच्याकडची शेवटची टोमॅटोची झाडं उपटली त्याला चाळीस वर्षं झाली.

शेजारी काकाचा हात वर गेला. त्यानं नेला नाही, गेला. एक बोट.

स्टिअरिंगवरून त्याला उत्तर आलं. एक बोट, अर्धा क्षण, जसं यायला हवं तसं.

मग माझंही बोट उचललं गेलं. आणि हे लिहायला मला लाज वाटत नाही: त्या घटकेला मला भीती वाटली नाही. निळ्या रंगावर तीनशे आठ असा झळकत होता, आणि फाटकाशी गाडी अशा डौलात उभी होती, की माझी छाती भरून आली. आमचा नंबर. मी मान ताठ केली, आणि त्याला नीट दिसेल असं बोट वर धरलं.

काचेमागून कोणीतरी माझ्याकडे पाहिलं. चांगलं, सावकाश पाहिलं. रस्त्याच्या कडेला कोणी अनोळखी मुलगी उगाच हात करत उभी असली, तर सभ्य माणूस पाहतो तसं. हात स्टिअरिंगवरच राहिला.

समोरची गाडी निघून गेली. तीनशे आठ तिच्यामागे रस्त्याला लागला.